मिश्र कापडावर बर्न-आउट नक्षी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मखमलीचा एखादा स्टोल उजेडासमोर धरला की पानाफुलं दाट, लवदार दिसतात आणि त्यांच्या भोवतालची जमीन मात्र आरपार, झिरझिरीत. ही नक्षी विणलेली नसते, भरलेली नसते आणि कातरून काढलेलीही नसते. सगळं कापड आधी एकसारखं दाटच असतं. नको तिथली लव रसायन लावून काढून टाकलेली असते. या तंत्राला बर्न-आउट म्हणतात, किंवा फ्रेंच नावाने देव्होरे.

घरच्या घरी, छोट्या प्रमाणात हे जमण्यासारखं आहे. त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत, पण आम्लाशी काम असल्यामुळे शिस्त लागते. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसलेली बरी: नवशिक्याचं सगळं लक्ष काय जळेल याकडे असतं, खरं पाहायचं असतं ते काय उरेल. नक्षी उरलेल्या धाग्यांवर उभी राहते. ते धागे एकमेकांना धरून राहणार नसतील, तर आम्लाची पेस्ट कितीही चांगली बनवा, हातात भोकं पडलेलं कापडच येणार.

नेमकं घडतं काय

कापूस, लिनन, व्हिस्कोस, मोडाल, लायोसेल, ‘बांबू’ म्हणून विकलं जाणारं मऊ कापड, हे सगळे सेल्युलोजचे तंतू. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांबच लांब साखळी. तीव्र आम्ल आणि उष्णता एकत्र आली की या कड्यांमधले जोड तुटतात, तंतूचा चिवटपणा जातो आणि तो बोटाने चोळला तरी भुगा होतो. रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे तंतू, तर पॉलिएस्टर कृत्रिम. तेवढ्याच आम्लात आणि तेवढ्याच वेळात यांना फारशी इजा होत नाही. दोन तंतूंमधल्या या फरकावर सगळा खेळ आहे.

लोकरीच्या धंद्यात हेच तत्त्व फार जुनं आहे. मेंढीच्या लोकरीत अडकलेली कुसळं आणि गवताच्या काड्या काढायला लोकर आम्लातून काढून तापवतात. काड्या करपून ठिसूळ होतात आणि झटकल्या की गळतात. त्याला कार्बनायझिंग म्हणतात. आपण तेच करतो, फक्त आम्ल सगळीकडे न पसरवता नक्षीच्या आकारात लावतो.

घरगुती कामात थेट सल्फ्युरिक आम्ल वापरत नाहीत. त्याऐवजी सोडियम बायसल्फेट वापरतात. ही पांढरी पूड आहे. पोहण्याच्या तलावातल्या पाण्याचा पीएच उतरवायला हीच वापरतात, त्यामुळे तलावाचं सामान विकणाऱ्यांकडेही मिळते. पाण्यात विरघळली की तिचं द्रावण चांगलंच आम्लधर्मी होतं. कापडावर लावल्यावर पाणी उडून जातं तसतसं आम्ल तंतूवर दाट होत जातं आणि इस्त्रीच्या उष्णतेला त्याचा खरा जोर दिसतो. म्हणून पेस्ट लावल्याबरोबर कापडावर काहीच घडताना दिसत नाही. घाबरून आणखी थर चढवू नका.

पूड घेताना नाव नीट वाचा. सोडियम बायसल्फेट, सोडियम बायसल्फाइट आणि सोडियम बायकार्बोनेट ही तीन वेगवेगळी रसायनं आहेत. पहिलं आपल्या कामाचं, तिसरं म्हणजे खायचा सोडा, आणि तो आपल्याला शेवटी पहिल्याचा परिणाम थांबवायला लागणार आहे.

कापड निवडणं: इथे घाई नको

मिश्र कापड म्हटलं की लेबलावरची टक्केवारी पाहून लोक खूश होतात. टक्केवारी सांगते किती. कुठे ते सांगत नाही. आणि बर्न-आउटमध्ये ‘कुठे’ हेच महत्त्वाचं. दोन तंतू एका कापडात चार प्रकारांनी एकत्र येतात.

नवशिक्यासाठी सगळ्यात सोपी जागा म्हणजे रेशीम-व्हिस्कोस मखमल. बाजारात मिळणाऱ्या या मखमलीत साधारण १८ टक्के रेशीम आणि ८२ टक्के व्हिस्कोस असतं. खालची वीण पूर्ण रेशमाची, वरची लव व्हिस्कोसची. लव गेली तरी खाली रेशमाचा ताणा-बाणा (उभे-आडवे धागे) शाबूत राहतो, म्हणजे तलम शिफॉनसारखं कापड उरतं. दाट आणि पारदर्शक यांतला फरक इथे सगळ्यात ठळक दिसतो. मात्र मखमल घेताना विचारून घ्या, कारण पूर्ण पॉलिएस्टरची, पूर्ण सुती आणि पूर्ण व्हिस्कोसचीही मखमल असते. पहिलीवर काहीच होणार नाही, उरलेल्या दोन्हींवर आरपार भोक पडेल.

दुसरा प्रकार म्हणजे खास याच कामासाठी कातलेलं सूत. मध्ये पॉलिएस्टरचा अखंड धागा आणि त्याच्याभोवती कापसाचं वेष्टण. कापड दिसायला सुती. कापूस जळाला की आतला पॉलिएस्टरचा बारीक धागा ताण्यातही राहतो, बाण्यातही राहतो. पारदर्शक नक्षीचे पडदे बहुतेक अशाच सुताचे असतात. हेही नवशिक्यासाठी उत्तम.

तिसरा प्रकार, कापूस आणि पॉलिएस्टर पिंजतानाच एकत्र करून कातलेलं सूत. साधं पॉलीकॉटन, टी-शर्टचं कापड वगैरे. यात नक्षी येते, पण शांत येते: कापड पातळ होतं, थोडं धुरकट दिसतं, पूर्ण पारदर्शक होत नाही. अर्धं-अर्धं मिश्रण असेल तर फरक जाणवतो. कापूस ३०-३५ टक्केच असेल तर मेहनतीच्या मानाने हाती फार लागत नाही. उलट ८०-८५ टक्के कापूस असेल तर उरलेलं पॉलिएस्टर इतकं विरळ होतं की एका धुण्यात फाटतं.

चौथा प्रकार फसवा. ताणा एका तंतूचा, बाणा दुसऱ्या तंतूचा. उदाहरणार्थ उभे धागे सुती, आडवे रेशमी. इथे आम्ल लावलं की उभे धागे सगळे जातात आणि आडवे धागे सुटे लोंबत राहतात. कधीकधी मुद्दाम असं करतात, आणि छोट्या ठिपक्यांत किंवा बारीक पट्ट्यांत ते सुंदरही दिसतं, पण मोठं फूल जाळलं तर त्या जागी नुसती दोऱ्यांची झालर उरते. पहिल्या कामासाठी हे कापड बाजूला ठेवा.

नायलॉनचं मिश्रणही टाळा. तीव्र आम्लात नायलॉन टिकत नाही. अ‍ॅसिटेटचंही तेच. लायक्रा असलेलं ताणणारं कापड पहिल्यांदा नकोच, कारण ते तापवताना आकार बदलतं आणि नक्षी वाकडी होते.

कापडालाच विचारा

लेबल नसेल, किंवा असूनही विश्वास नसेल, तर कडेचे दोन-तीन धागे उसवून जाळून पाहा. ताण्याचा धागा वेगळा, बाण्याचा वेगळा, मखमल असेल तर लवही चिमटीने काढून वेगळी. सेल्युलोज झटकन पेटतं, कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. रेशीम आणि लोकर रेंगाळत जळतात, ज्योत बाजूला केली की बहुधा विझतात, केस जळल्याचा वास येतो, आणि काळा गोळा चिमटीत सहज चुरडतो. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, वितळतं, आणि गार झाल्यावर कडक मणी होतो जो चुरडत नाही. हे सिंकवर, चिमट्यात धरून करा. वितळलेलं पॉलिएस्टर त्वचेला चिकटतं.

एकत्र कातलेल्या सुताच्या बाबतीत जाळून पाहण्याचा उपयोग कमी, कारण वास आणि राख दोन्ही मिसळतात. तिथे खरी परीक्षा एकच: दहा सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि त्यावर पेस्ट लावून सगळी प्रक्रिया शेवटपर्यंत करा. माझ्या मते हा तुकडा न करता मोठ्या कापडाला हात लावणं म्हणजे कापड वाया घालवण्याची तयारी. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी टाचा: कोणतं कापड, इस्त्री कितीवर, किती मिनिटं. पुढे ही चिठ्ठी कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कामाला येते.

आधी सुरक्षितता, तीही थोडक्यात नाही

सोडियम बायसल्फेट डोळ्यांना गंभीर इजा करू शकतं. चष्मा नव्हे, बाजूने बंद असलेला गॉगल घाला. रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्या. एप्रन प्लॅस्टिकचा घ्या. सुती कपड्यावर उडालेला थेंब तेव्हा दिसत नाही. दोन धुण्यांनंतर तिथे व्यवस्थित गोल भोक दिसतं.

तापवताना निघणारी वाफ घसा आणि नाक चुरचुरवते. खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेने. आम्लाच्या वाफेसाठीचं फिल्टर (कार्ट्रिज) असलेला मास्क असेल तर तो घाला. जळलेली लव झटकताना उडणारा भुगाही आम्लाचाच असतो. तो कोरडा झटकायचा असेल तर किमान एन९५ मास्क हवा. मी सांगेन, कोरडा झटकूच नका, पाण्याखाली काढा.

दमा असेल त्याने, गरोदर बाईने, आणि लहान मुलं घरात फिरत असताना कुणीच हे काम करू नये. भांडी, चमचे, ब्लेंडर वेगळे. ते परत स्वयंपाकघरात न्यायचे नाहीत. ओव्हन वापरणार असाल तर तोही अन्नाचा नसावा. आणि कपड्यांचं ब्लीच या कामाच्या आसपासही ठेवू नका: आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो.

भांडं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं. अ‍ॅल्युमिनियमचं मुळीच नाही.

पेस्ट

तयार जेलही मिळते. फायबर-एच (Fiber-Etch) नावाची एक बरीच वापरली जाते. एक-दोन छोट्या कामांसाठी ती घेणं सोयीचं. जास्त करायचं असेल तर स्वतः बनवणं स्वस्त पडतं आणि दाटपणा हवा तसा ठेवता येतो. सुमारे ५०० ग्रॅम पेस्टसाठी हे प्रमाण घ्या:

- सोडियम बायसल्फेट १०० ग्रॅम
- गरम पाणी १२५ मिली (पूड विरघळवायला)
- ग्वार गम, म्हणजे गवारीच्या बियांची पूड, १० ग्रॅम (पेस्ट दाट करायला)
- साधं पाणी २४० मिली (गम भिजवायला)
- ग्लिसरिन २५ ग्रॅम

ग्वार गम थेट पाण्यात टाकला की त्याच्या गुठळ्या होतात, वरून चिकट आणि आत कोरड्या, आणि त्या काही केल्या मोडत नाहीत. त्यावर सोपा उपाय आहे. गम आधी ग्लिसरिनमध्ये कालवून घ्या. ग्लिसरिनमध्ये तो फुगत नाही, नुसता पसरतो. मग हे मिश्रण २४० मिली पाण्यात धार धरून ओता आणि ढवळत राहा. अर्धा तास झाकून ठेवा. दाट, ओढला तर ताणला जाणारा लगदा तयार होईल.

दुसऱ्या भांड्यात गरम पाणी घेऊन त्यात पूड थोडी थोडी टाका. पाण्यात पूड, पुडीवर पाणी नाही. पूर्ण विरघळली की कोमट असतानाच गमच्या लगद्यात मिसळा. पूर्ण गार होऊ दिलं तर तळाशी खडे धरू शकतात. एकजीव झालेली पेस्ट चमच्यावरून सलग, जाड धारेने पडली पाहिजे. पाण्यासारखी ओघळली तर कडा फुटतील, गोळ्याने पडली तर कापडात शिरणार नाही.

कापडरंगाच्या छपाईला रंग दाट करायला सर्रास वापरतात तो सोडियम अल्जिनेट इथे चालत नाही. आम्लात तो फुटून दही होतो. ग्वार गमसुद्धा कायमचा टिकत नाही. तोही साखरेच्या कड्यांचाच बनलेला असल्यामुळे तेच आम्ल हळूहळू त्यालाही तोडतं आणि काही दिवसांत पेस्ट पातळ होते. म्हणून लागेल तेवढीच बनवा आणि ताजी वापरा.

ग्लिसरिन वगळू नका. ते पेस्ट लवकर कोरडी पडू देत नाही, त्यामुळे आम्लाला तंतूच्या आत शिरायला वेळ मिळतो.

नक्षी कशी असावी

मखमलीची लव शेजारच्या उघड्या जागेवर कलंडते, म्हणून तीन-चार मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ जाळली तर ती दिसतच नाही. सपाट कापडावर याहून बारीक चालतं. सुरुवातीला फूल जाळा, जमीन राखा. उलट केलं तर जळणारा भाग फार मोठा होतो आणि कापडाचा पडण्याचा ढंग बदलतो. कडेचे दोन-तीन सेंटिमीटर आणि शिवणीच्या जागा अखंड सोडा, कारण झिरझिरीत भागात टाके तग धरत नाहीत. कापड आधीच शिवलेलं असेल तर शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा आहे ना ते पाहा. सुती दोऱ्याने शिवलेली शिवण पेस्ट लागली तर उसवते. भरतकामाचा चमकदार रेयॉन दोरा म्हणजेही व्हिस्कोसच, तोही जाईल.

लावण्याची पद्धत

कापड आधी सौम्य साबणाने धुऊन खळ काढा आणि पूर्ण वाळवा. मग टेबलावर प्लॅस्टिक अंथरून त्यावर कापड ताणून चिकटपट्टीने चारही बाजूंनी बसवा.

मखमल उलटी घाला, लव खाली. पेस्ट मागच्या बाजूने लावायची. पुढून लावली तर लवेच्या टोकांवरच बसते आणि बुडख्यापर्यंत पोहोचत नाही. मग टोकं जळतात आणि खाली खुंटं राहतात. मागून लावली की रेशमाच्या विणीतून ती थेट लवेच्या मुळाशी जाते. पॉलीकॉटनला कुठलीही बाजू चालते.

साध्या आकारांसाठी प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचं स्टेन्सिल आणि कडक कृत्रिम केसांचा आखूड ब्रश पुरतो. ब्रश आडवा ओढू नका, उभा धरून ठोका. रेघांसाठी बारीक तोंडाची पिळण्याची बाटली छान चालते. स्क्रीनने, म्हणजे चौकटीत ताणलेल्या जाळीतून छापायचं असेल तर जाळी पॉलिएस्टरची आणि फार बारीक नसलेली घ्या, सेंटिमीटरला ४३ धाग्यांच्या आसपास. आणि इमल्शन, म्हणजे नक्षीबाहेरची जाळी बंद करणारा लेप, पाण्याला व आम्लाला टिकणारं हवं. स्क्वीजी (पेस्ट जाळीतून दाबणारी रबरी पट्टी) एकदा फिरवून भागत नाही. मखमलीवर तीन-चार वेळा, थोडा दाब देऊन फिरवा.

लावून झाल्यावर कापडाचा कोपरा उचला आणि पुढची बाजू पाहा. बोटांनी लव दुभंगा. बुडख्याशी ती ओली, गडद दिसली आणि केस एकमेकांना चिकटून छोटे शेंडे झालेले दिसले, तर पेस्ट पोहोचली. लव वरून खालपर्यंत कोरडी आणि मोकळी असेल तर आणखी एक थर हवा. एवढी एक तपासणी केली तर पुढच्या निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

आता पूर्ण सुकू द्या. केस वाळवायचं यंत्र गार किंवा कोमट हवेवर चालतं. सुकल्यावर मात्र रेंगाळू नका, त्याच दिवशी तापवा. बायसल्फेट आणि ग्लिसरिन दोन्ही हवेतला ओलावा ओढून घेतात. दमट दिवसांत रात्रभर ठेवलेलं कापड सकाळी पुन्हा ओलसर लागतं आणि तोवर नक्षीच्या कडा पसरलेल्या असतात.

तापवणं

सगळ्या कामाचा निकाल इथे लागतो. इस्त्री लोकरीच्या खुणेवर ठेवा, म्हणजे साधारण १५० अंश सेल्सियस. वाफ पूर्ण बंद. इस्त्रीच्या टेबलाचं सुती आवरण आधी झाका, नाहीतर तुमची नक्षी टेबलावरही उमटेल. मध्ये घालायला सुती फडकंही नको, त्याच कारणाने. टेफ्लॉनचं पातळ पान सगळ्यात चांगलं. खाली एक, वर एक.

मखमल असेल तर मागच्या बाजूनेच, इस्त्रीचं वजन न टाकता, सतत हलवत राहा. दाबली की राखायची लवही चपटी होते. एका जागी तीस-चाळीस सेकंद गेले की पान उचलून पाहायचं. आधी काहीच दिसणार नाही. मग पेस्ट लावलेली जागा हलकी पिवळसर होईल, आणि मग तपकिरी. जुन्या वर्तमानपत्राची कड उन्हात राहून जशी होते, तो रंग आला की थांबा. तो येण्याआधी थांबलात तर लव सुटत नाही; काळपट चॉकलेटी होईपर्यंत थांबलात तर रेशीमही करपलं असं समजा, कारण रेशीम आम्लाला लोकरीइतकं टिकत नाही. एकूण वेळ दोन मिनिटं ते पाच मिनिटं, कापडाच्या जाडीप्रमाणे.

डोळ्यांवर पूर्ण भरवसा न ठेवता हातमोजा घातलेल्या नखाने एका कोपऱ्यात हलकेच खरवडा. लव भुशासारखी सुटली की झालं. चिवट लागली तर आणखी तीस सेकंद. गडद रंगाच्या कापडावर तपकिरीपणा दिसतच नाही, तिथे नखाचीच परीक्षा खरी. म्हणूनच पहिलं काम पांढऱ्या किंवा फिकट कापडावर करा.

हीट प्रेस (तापलेल्या पाट्याखाली कापड दाबणारं यंत्र) असेल तर उष्णता सगळीकडे सारखी मिळते. पॉलीकॉटनसाठी ते सरस. मखमलीला दाब सोसत नाही.

धुणं

तापवलेलं कापड लगेच भरपूर गार पाण्यात बुडवा. पाच-दहा मिनिटांनी पाण्याखालीच, हातमोजे घालून, जळालेली जागा बोटांनी चोळा. लव गाळासारखी निघून पाण्यात तरंगायला लागते. नळाची धार आणि मऊ ब्रश मदत करतात. रेशमाच्या विणीला आडवं रगडू नका. ओलं रेशीम कमजोर असतं आणि धागे सरकून जाळी वाकडी होते. ताण्याच्या दिशेने, छोट्या हालचालींनी. हा भुगा पकडायला मोरीवर गाळणी ठेवा, नाहीतर ती तुंबेल.

सगळं निघाल्यावर लिटरला एक चहाचा चमचा खायचा सोडा घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. कापडात आम्ल शिल्लक राहिलं तर कपाटात ठेवलेल्या कापडावरही ते हळूहळू काम करत राहतं. पीएच पट्टी ७ च्या आसपास दाखवते ना ते पाहा. सोड्यात तासन्‌तास ठेवू नका, रेशमाला आणि लोकरीला अल्कलीही मानवत नाही. मग सौम्य साबण, स्वच्छ पाणी, आणि सावलीत वाळवणं. मखमल वाळत आली की लव मऊ ब्रशने तिच्या कलाप्रमाणे विंचरा. नंतर वाफेवर धरली की ती पुन्हा उभी राहते.

रंग आधी की नंतर

मला नंतर रंगवणं जास्त आवडतं. जाळलेल्या जागी रंगाचा अंदाज चुकत नाही आणि राहिलेला तपकिरी डागही झाकला जातो. रेशीम-व्हिस्कोसवर खरी मजा आहे. अ‍ॅसिड रंग रेशमाला धरतात, व्हिस्कोसला जवळजवळ नाही. रिअ‍ॅक्टिव्ह रंग धुण्याच्या सोड्याबरोबर वापरले की दोघांनाही धरतात, पण छटा वेगळ्या येतात. म्हणजे एकाच कापडात लव एका रंगाची आणि पारदर्शक जमीन दुसऱ्या रंगाची करता येते. पॉलीकॉटनमध्ये रिअ‍ॅक्टिव्ह रंग फक्त कापसाला धरतो. त्यामुळे आधी रंगवलं किंवा नंतर, जाळलेल्या जागी पॉलिएस्टर पांढरंच राहतं, आणि तेच बहुतेकांना हवंही असतं. आधीच रंगवलेलं कापड जाळणार असाल तर नमुन्यात दोन गोष्टी पाहा: आम्लाने रंग पालटतो का, आणि सुटलेला रंग उरलेल्या धाग्याला लागतो का.

बिघडलं तर

लव अर्धवट निघाली असेल तर पेस्ट मुळापर्यंत गेली नाही किंवा उष्णता कमी पडली. धुतलेलं कापड वाळवून त्याच जागी पुन्हा लावता येतं, पण रेशमाला दुसऱ्यांदा तोच मार बसतो हे लक्षात ठेवा. कडा पसरल्या असतील तर पेस्ट पातळ होती, किंवा सुकायला फार वेळ लागला. झिरझिरीत भाग बोटाने ओढल्यावर फाटला तर जास्त तापलं. त्याला इलाज नाही, फक्त पुढच्या वेळी एक मिनिट कमी. जाळलेल्या जागी पिवळट झाक राहिली तर आधी पुन्हा साबणाने धुऊन पाहा. ब्लीच लावू नका, क्लोरीनचं ब्लीच रेशीमच विरघळवतं.

उलटा मार्गही आहे: कॉस्टिक सोड्याने रेशीम किंवा लोकर काढायची आणि सेल्युलोज राखायचं. १८८० च्या दशकात जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये रेशमी कापडावर सुती दोऱ्याने यंत्रभरत करून खालचं रेशीम विरघळवत आणि उरलेलं भरतकाम लेस म्हणून विकत. पण तापलेला कॉस्टिक सोडा डोळ्यांना आणि त्वचेला बायसल्फेटपेक्षाही घातक आहे. आम्लाच्या पद्धतीवर हात बसेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.

उरलेली पेस्ट

ती तशीच मोरीत ओतायची नाही. मोठ्या बादलीत भरपूर पाणी घ्या, पेस्ट त्यात मिसळा आणि खायचा सोडा चमच्याचमच्याने टाका. फेस उसळेल, म्हणून बादली निम्मीच भरलेली असावी. नवा चमचा टाकूनही फेस येईनासा झाला की पट्टीने पीएच तपासून मोरीत ओता. ब्रश, स्टेन्सिल, स्क्रीन आणि टेफ्लॉनची पानंही याच सोड्याच्या पाण्यातून काढा. कोरडी पूड मात्र हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात, ठळक नाव लिहून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. झाकण सैल राहिलं तर ओलावा धरून तिचा दगड होतो आणि वजन करून घेतलेलं प्रमाणही चुकतं.